दाराच्या आतली तक्रारपेटी

गणिताच्या सरांचा फोन आला तेव्हा मावशी सर्व्हरवरची धूळ पुसत होती. ही धूळ म्हणजे तिच्या पाचवीलाच पुजलेली. पुढे दिराचं फोटोफ्रेमचं दुकान आणि मागे हिची खोली. तो दिवसभर लाकूड कापणार, पट्ट्या घासणार, आणि भुसा काय, पाहुण्यासारखा सरळ आत येणार. दोन पडदे लावून झाले, जाळी लावून झाली, तरी रोज सकाळी मशीनच्या पाठीवरून बोट फिरवलं की बोट पिवळं.

"मावशी, अहो काय हे!" सरांनी नमस्कारसुद्धा केला नाही. "तुमच्या फडताळानं मलाच हाकलून दिलं!"

"तुम्हाला? तुम्हाला कसं हाकलेल?"

"मी बहिणीकडे आलोय. तिच्याकडचा कॉम्प्युटर बाबा आदमच्या वेळचा. तुमचं दार म्हणालं, थांबा, तुम्ही माणूस आहात का ते तपासतो. बराच वेळ तपासलं आणि म्हणालं, नाही, तुम्ही माणूस नाही. अहो, चाळीस वर्षं गणित शिकवलं, पोरं असंच म्हणायची माझ्याबद्दल, पण तोंडावर नाही हो कुणी बोललं!"

"मग खाली लिहिलंय की, अडचण आली तर तक्रारपेटीत कळवा म्हणून."

"कळवतो ना. पण पेटी आहे कुठे? तिच्यावर क्लिक केलं की परत तेच दार. मावशी, पेटी तुम्ही आत ठेवलीय!"

सर खो खो हसले. मावशीही हसली. आणि हसता हसताच ती थांबली. कारण दार लावून सहा आठवडे झाले होते, आणि सहा आठवड्यांत एकही तक्रार आली नाही म्हणून ही बाई स्वतःचीच पाठ थोपटत होती.

आता हे फडताळ म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. प्रोग्राम लिहिणारी काही माणसं अशी असतात की लिहिलेलं कुलूपबंद ठेवत नाहीत. घ्या, बघा, वापरा, चुकलं असेल तर सुधारा, असा त्यांचा खाक्या. पण ते ठेवायला जागा लागते. पूर्वी ही सगळी मंडळी एका बड्या कंपनीच्या जागेत ठेवायची. एके दिवशी त्या कंपनीनं काही कारण न सांगता यांच्यातल्या दहाबारा जणांची खाती बंद केली. ओळख ना पाळख, विचारणार कुणाला? तेव्हा मावशी म्हणाली, मरू दे, आपलं फडताळ आपल्या घरात ठेवू. ती वीज कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातून नुकती निवृत्त झाली होती, नवरा जाऊन वर्ष झालं होतं, हाताला काम हवं होतं. दिरानं मागची खोली दिली. तिनं मशीन आणलं, कुणीही फुकट घ्यावं असं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं, आणि नाव दिलं फडताळ. प्रत्येकाचा एक कप्पा. आठ वर्षांत तीनशे कप्पे झाले. कुणी चुकीचं ठेवलं की ही सगळ्यांसमोर झापायची, म्हणून तिला सगळे मावशी म्हणायचे. आईनं झापलं की राग येतो, मावशीनं झापलं की चालतं.

त्यातला एक कप्पा सरांचा. तान्ह्या बाळांना सलाईन कुठल्या वेगानं द्यायचं, ते वजनावरून काढून देणारा प्रोग्राम. सरांनी तो निवृत्तीनंतर लिहिला, एका नर्सनं सांगितलं म्हणून. आता वीसेक लहान दवाखाने तो वापरत होते. फडताळातलं हेच एक काम असं होतं, ज्याच्याबद्दल मावशी कुणी न विचारताही सांगायची.

आणि सहा आठवड्यांपूर्वी फडताळावर धाड पडली. माणसांची नव्हे, यंत्रांची. कुठल्या कुठल्या कंपन्यांची यंत्रं दिवसरात्र येऊन सगळे कप्पे उपसायला लागली. एका सेकंदात शंभर, दोनशे. फडताळ इतकं मंद झालं की आपल्याच माणसांना आपलाच कप्पा उघडेना. चार दिवस मावशी धड जेवली नाही. शेवटी एका मंगळवारी दुपारी तिनं दार लावलं. येणाऱ्याला आधी एक कोडं पडायचं. नेहमीचा ब्राउझर ते कोडं माणसाच्या नकळत सोडवतो, धाड घालणारं यंत्र बहुधा सोडवत नाही. संध्याकाळपर्यंत सगळं शांत. लोकांनी काय काय लिहिलं! मावशी झिंदाबाद, मावशीनं चोरांच्या नाकावर टिच्चून दार लावलं. तिलाही बरं वाटलं. का वाटू नये?

सरांचा फोन ठेवल्यावर तिनं पहिल्यांदा पेटी बाहेर काढली. पाच मिनिटांचं काम. मग, दार लावल्यापासून कुणाकुणाला परत पाठवलं, त्या नोंदी तिनं उघडल्या. नोंदी म्हणजे लाखो ओळी. पण कॉम्प्युटरला नीट विचारलं तर तो नीट सांगतो. तिनं विचारलं, हावरटासारखे हजारदा आले ते वगळ, दिवसाला दोनचारदाच आले ते दाखव.

सत्तावीस निघाले. सव्वीस जण एकदोन दिवस येऊन, कंटाळून निघून गेलेले. सत्ताविसावा मात्र रोज यायचा. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. एकदाच. एकच गोष्ट मागायचा, सरांच्या कप्प्यातली ताजी आवृत्ती. दार म्हणायचं, तू माणूस नाहीस. तो मुकाट्यानं परत जायचा. त्रेचाळीस दिवस, त्रेचाळीस वेळा.

त्यानं आपलं नाव सांगितलं होतं. यंत्रं सांगतात, आपण विचारत नाही एवढंच. 'बालकक्ष दोन.'

मावशीनं खुर्ची मागे सरकवली. मग पुन्हा पुढे घेतली आणि सरांच्या कप्प्यातल्या तारखा काढल्या. ज्या मंगळवारी दार लावलं, त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी पहाटे, सरांनी नवी आवृत्ती ठेवली होती. तिच्यात चूक होती. एक किलोच्या आतलं वजन टाकलं की प्रोग्राम ते पूर्ण एक किलो धरायचा. गुरुवारी सकाळी एका नर्सच्या ते लक्षात आलं, तिनं कळवलं, सरांनी तासाभरात दुरुस्त केलं. हिरव्या अक्षरात शेरा पडला, 'दुरुस्त'. बाकीच्या सगळ्या दवाखान्यांनी शुक्रवारपर्यंत नवी आवृत्ती नेली. त्यांच्यापैकी कुणी दारात अडलं नव्हतं, कारण तिथे माणसं स्वतः येऊन घ्यायची. या एका दवाखान्यातल्या कुण्या हुशार माणसानं मात्र ते काम यंत्रावर सोपवलं होतं. ते यंत्र सोमवारी येऊन चूक घेऊन गेलं. दुरुस्ती घ्यायला आलं तेव्हा दार बंद.

ती उठून पुढे दुकानात गेली. दीर काच कापत होता.

"भावजी, जरा थांबवा ते."

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काच कापायची हिरकणी खाली ठेवली. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नसे, पण एवढं कळायला प्रोग्राम कळावा लागत नाही.

"म्हणजे तिथे कमी वजनाच्या बाळांना जास्त सलाईन गेलं असेल?"

"गेलं असेल. किंवा नसेलही. तसं बाळ आलंच नसेल त्या दिवसांत. मला काय ठाऊक?"

"मग आता काय करणार?"

"त्या यंत्राला आत सोडलंय मी. उद्या सकाळी सहा दहाला दुरुस्ती घेऊन जाईल."

"मग झालं तर," दीर म्हणाला. "सुटलात. आता गप्प बसा."

"अहो, गप्प काय बसा?"

"वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्हीच म्हणता ना, नोंदी पंचेचाळीस दिवस ठेवता, मग आपोआप पुसल्या जातात?"

हो, ती म्हणायची. कोण कधी आलं, काय बघून गेलं, हे कायमचं साठवायचं नाही, हा फडताळाचा नियम होता, आणि नियम तिनंच केला होता. फार अभिमान होता तिला त्याचा. परवापासून पहिल्या दिवसाच्या ओळी पुसल्या जायला लागतील, मग दुसऱ्या दिवसाच्या. दीड महिन्यात काही म्हणजे काही उरणार नाही.

"काही झालंच नसेल तिथे, तर तुम्ही उगाच हात दाखवून अवलक्षण कराल," दीर म्हणाला. "आणि झालं असेल, तर तुम्हाला फाडून खातील. ना तुमच्याकडे कंपनी, ना वकील. एक बाई आणि एक मशीन. तुम्ही मुद्दाम केलंत का? चोरांसाठी दार लावलंत. सुक्याबरोबर ओलंही जळतं."

"जळणाऱ्याला सांगा ते."

ती रागानं बोलली, पण खरं सांगायचं तर दिराचं बोलणं तिला हवंहवंसं वाटत होतं. आत येऊन बसली तरी तेच डोक्यात. गप्प राहायला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं बसायचं. चहा करायचा, धूळ पुसायची, आणि दिवस आपले आपण जातील. तिनं चहा केलाही. तो कपात गार झाला. त्या यंत्राच्या नेटवरच्या पत्त्यावरून दवाखान्याचं नाव निघालं, नावावरून फोन नंबर. तिनं आधी नोंदी पुसायचं काम बंद केलं, म्हणजे मागाहून मन फिरलं तरी वाट राहू नये. स्वतःला ती चांगली ओळखून होती. मग फोन लावला आणि तुमच्याकडे कॉम्प्युटर बघणारे कोण आहेत, म्हणून विचारलं.

"मी बघतो. बोला," एक तरुण, थकलेला आवाज.

"मी फडताळाची मावशी."

"अरे वा! मावशी!" आवाज एकदम उजळला. "तुमचा मी फॅन आहे. आमच्या बालकक्षातला प्रोग्राम तुमच्याकडूनच येतो. रोज सकाळी आपोआप अपडेट होतो, मीच सोय केलीय."

"होत नाही," मावशी म्हणाली.

"काय?"

"सहा आठवडे होत नाहीये. मी दार लावलं, त्यात तुमचं मशीन अडकलं. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही हो. नवं मिळालं नाही तर जुनं चालवायचं, असं सांगून ठेवलंय मी त्याला. वॉर्ड बंद पडायला नको म्हणून." मग त्याला आठवलं. "मावशी, त्या आधीच्या आवृत्तीत ती एक किलोची चूक होती ना?"

"होती. तुम्ही मशीनपाशी आहात का? सातशे ग्रॅम वजन टाका आणि काय येतं सांगा."

खुर्ची सरकली, पावलं गेली, कुठलंसं दार उघडलं. लांबून एक बाळ रडल्याचा आवाज आला. मग टकटक.

"तासाला चार मिली," तो म्हणाला.

"आता एक किलो टाका."

टकटक.

"चारच."

"सातशेला किती यायला हवं?"

"दोन पूर्णांक आठ." त्याचा आवाज पार खाली गेला होता. "अरे देवा. अरे देवा, सिस्टर खरं बोलत होत्या."

मग त्यानं सांगितलं, आणि मावशीनं टेबलाची कड धरून ऐकलं. दार लावल्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी तिथे सातशे ग्रॅमचं बाळ आलं. मुलगी. ड्युटीवर होत्या त्या सिस्टर बावीस वर्षं त्याच वॉर्डात. पडद्यावर चार आलं, त्यांनी चार लावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या लक्षात आलं की जास्त जातंय. तोवर बाळाला श्वास घेणं जड झालं होतं. शुक्रवारी ते गेलं.

"चौकशी झाली," तो म्हणाला. "सिस्टर सांगत होत्या, पडद्यावर चारच होतं. चौकशीच्या डॉक्टरांनी तुमचं पान उघडलं फोनवर. तिथे लिहिलेलं, चूक गुरुवारी दुरुस्त. बाळ आलं पुढच्या बुधवारी. मला विचारलं, मशीन रोज अपडेट होतं का? मी म्हटलं, हो, रोज सहा दहाला. संपली चौकशी. म्हणाले, मशीन बरोबर आहे, बाईंनी वाचताना चूक केली."

"आणि वजन टाकून कुणी बघितलं नाही?"

"नाही." मग म्हणाला, "मीही नाही बघितलं. हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं हो. वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर मात्र त्या दिवसापासून कागदावर हिशेब करतात. पडद्याकडे बघतच नाहीत. आम्ही त्यांना हसायचो."

म्हणजे फडताळानं नुसतं दार लावलं नव्हतं. फडताळानं साक्ष दिली होती, त्या बाईविरुद्ध. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि मावशी इकडे झिंदाबाद वाचत बसली होती.

"त्या मशीनला हात लावू नका," ती म्हणाली. "नेटची वायर काढा, नाहीतर उद्या सकाळी ते सुधारेल आणि पुरावा जाईल. दोन माणसांसमोर वजन टाकून फोटो काढा. माझ्याकडच्या त्रेचाळीस ओळी मी सही करून पाठवते. पडद्यावर काय आलं असेल आणि का, ते सगळं लिहून देते. फडताळाच्या पहिल्या पानावरही लावते."

"मावशी, तुमचं काय होईल मग?"

"ते बघू. सिस्टरांचा नंबर द्या."

नंबर तिनं फ्रेमच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. दीर दुकानाकडच्या पडद्याशी येऊन उभा होता. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. तिला वाटलं, आता हा अडवणार. पण तो पुढे गेला आणि त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे गिऱ्हाईक यायला नको.

सिस्टरांना काय सांगायचं ते तिनं कागदावर मुद्देसूद लिहिलं होतं. तिकडून "हॅलो, कोण?" आलं आणि कागदावरचं एक अक्षर तिला वाचता येईना.

"सिस्टर, तुम्ही मला ओळखत नाही. तो सलाईनचा प्रोग्राम माझ्या मशीनवरून येतो. त्या दिवशी तुमच्या पडद्यावर जे होतं ते चुकीचं होतं. दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचलीच नाही. माझ्यामुळे पोचली नाही."

कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

"चारच होतं?" सिस्टरनं विचारलं.

"चारच होतं. आत्ता तुमच्या कॉम्प्युटरवाल्यानं टाकून बघितलं. अजून चारच येतंय."

"चारच होतं," सिस्टर म्हणाली. मग पुन्हा, "चारच होतं." आणि मग तिचा बांध फुटला. मावशीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण आपल्याला रडायचा हक्क नाही असं तिला वाटत होतं, म्हणून ती आवाज होऊ देत नव्हती.

"मी चष्मा बदलला हो," सिस्टर हुंदक्यांतून म्हणाली. "डोळ्यांचे डॉक्टर सांगत होते, नंबर तोच आहे, काही बदललेलं नाही. मी म्हटलं नाही, बदललाय, मला नीट दिसत नाही, तुम्ही नवा द्या. घरात डब्यांवरची अक्षरं वाचून बघायचे. दोनाचे चार दिसतात का बघायचे. पाच आठवडे."

"सिस्टर, तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही बरोबर वाचलंत. मी लिहून देतेय, सगळ्यांना दिसेल असं. चूक माझी आहे."

"तुम्ही मुद्दाम नसेल केलं."

"नाही केलं. पण केलं मीच."

सिस्टरला राग यायला हवा होता, आणि येईलही, उद्या, परवा. मावशी त्याची वाट बघत बसली. पण सिस्टरनं विचारलं ते वेगळंच.

"तिची आई आहे ना, ती बाकावर बसलेली असायची दारात. मी जायला निघाले तेव्हा म्हणाली, बाई, एक आकडा नीट वाचता आला नाही तुम्हाला? तिला कोण सांगणार?"

मावशीनं पुठ्ठा उलटा केला आणि पेन उचललं.

"पत्ता सांगा," ती म्हणाली. "मी जाते."

"काय सांगाल तिला?"

"तुम्ही तो आकडा नीट वाचला होता, हे आधी सांगेन," मावशी म्हणाली. "मग ती उठा म्हणेपर्यंत तिच्यासमोर बसेन."